चोरून न्यायची रोपं

“तळाला भोकं पाड आधी,” आत्या म्हणाली. “नाहीतर पाय बुडून मरेल बिचारा.”

बिचारा म्हणजे पुदिना. मनूआत्याला झाडांबद्दल असंच बोलायची सवय होती. माणसांच्या वाट्याला तिचं ‘बिचारं’ क्वचितच यायचं. मी परसात पाटावर बसून गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्या-हातोडीनं भोकं पाडत होते आणि ती नळाजवळच्या ओल्या वाफ्यात उकिडवी बसून पुदिन्याच्या जाळीत हात घालून चाचपडत होती. फाल्गुन संपत आला होता. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेली काजळी इतकी सावकाश खाली येत होती की एखादा काळा तुकडा तळहातावर झेलावा आणि नुसतं बघत बसावं. हवेला मळीचा गोड, आंबूस वास होता. आत्यानं एखादं मूळ ओढलं की त्या वासातून पुदिन्याचा थंड वास वर यायचा. त्या दोन वासांत मला दिवसभर गुंगी आल्यासारखी वाटत होती.

आतोबा त्या साखर कारखान्यात पॅनमन होते. रसाला दाणा केव्हा धरतो हे काचेतून बघून सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांचा तो शेवटचा हंगाम. हंगाम संपला की नोकरी संपणार, आणि नोकरी संपली की कॉलनीतली ही दोन खोल्यांची जागा सोडायची. आत्याला मूलबाळ नव्हतं. बांधाबांधीला कुणीतरी हवं म्हणून वडिलांनी मला पुण्याहून पाठवलं. माझी परीक्षा झाली होती, आणि घरी माझ्यासाठी स्थळं बघणं जोरात चाललं होतं. स्थळांपेक्षा डबे बरे, म्हणून मीही आनंदानं आले.

“सांगलीला माती नाही ना गं,” आत्या म्हणाली. “वरचा मजला. फरशी आणि कठडा. जे न्यायचं ते डब्यातच.”

“मग एक डबा पुरे की. हे एवढे कशाला?”

“एक माझा. बाकीचे लोकांना चोरायला.”

मी हातोडी थांबवली. आत्या हसली आणि वाफ्यातली एक लांबलचक मुळी उपसून माझ्यासमोर धरली. मुळीच्या प्रत्येक पेराशी पांढरी बारीक दाढी फुटलेली होती.

त्या कॉलनीचा एक रिवाज होता, तो मला तेव्हा पहिल्यांदा कळला. तिथं कुणी कुणाकडे रोप मागत नसे. मागितलेलं रोप लागत नाही, चोरलेलं लागतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे कॉलनीतली एकूण एक हिरवळ चोरीची होती. केमिस्टसाहेबांच्या दारातला मोगरा शिपायाच्या दारातून गेलेला, शिपायाचा गवती चहा शाळेच्या मास्तरांच्या कुंपणातून आलेला, आणि सगळ्या चोऱ्या सगळ्यांना ठाऊक. एखादं कुटुंब जागा सोडून निघालं की आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी दुपारी आपली रोपं डब्यांत लावून मागच्या कट्ट्यावर मांडून ठेवायचं, मागचं दार लावून घ्यायचं आणि आत बसायचं. मग लोक येऊन चोरून नेत. देणाऱ्यानं बघायचं नाही, नेणाऱ्यानं बोलायचं नाही. निरोप घेण्याची ही तऱ्हा मला फार आवडली. रडारड नाही, पत्ते लिहून घेणं नाही, ‘इकडं आलात की या’ नाही.

“ही अशी धर,” आत्यानं शिकवलं. “पेराच्या खाली काप. खालची पानं काढून टाक. दोन पेरं मातीत, बाकी वर. आणि शेंडा खुड.”

“शेंडा कशाला? चांगला वाढतोय की.”

“शेंडा खुडला की हट्टाला पेटून चार बाजूंनी फुटतो. तुझ्यासारखा.” तिनं कुजलेल्या मळीचं काळं खत मातीत मिसळून डब्यात भरलं आणि अंगठ्यानं दाबलं. “पुदिन्याला जमीन दिली की तो गाव मागतो, शैले. डब्यात घातला की शहाण्यासारखा राहतो. ओसरी दिली की हातपाय पसरणारी जात.”

शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज का कोण जाणे उतरला, आणि तिनं तारेपलीकडे पाहिलं.

तारेपलीकडे चौगुल्यांचं परस होतं. दोन परसांच्या मध्ये लोखंडी दांडके आणि त्यांतून ओढलेल्या तीन पदरी साध्या तारा, एवढंच कुंपण. आत्याच्या बाजूला नळापासून तारेपर्यंत हिरवंगार. त्या बाजूला स्वच्छ झाडलेली, शिंपलेली, उघडी जमीन. एक पान नाही. हौसाक्का चौगुले तिथं जुन्या लुगड्यावर सांडगे घालत होत्या. आमच्याकडे पाठ होती. अंबाड्यात अर्धे केस पांढरे झाले होते. लहानपणी मी सुट्टीत यायचे तेव्हा याच तारेखालून दिवसातून पन्नास वेळा इकडून तिकडे जात असे, कारण पलीकडे रत्ना होती.

रत्ना माझ्याच वयाची. मॅट्रिकनंतरच्या पावसाळ्यात ती कावीळ होऊन गेली. ते मला पुण्याला पत्रानं कळलं होतं. त्यानंतर आत्या आणि हौसाक्का यांच्यातून विस्तव जात नाही, एवढंही कानावर आलं होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. माझी अशी कल्पना होती की मोठ्या बायकांची भांडणं वाळवणावरून किंवा नळावरून होतात, तसंच काही असेल.

“त्यांच्यासाठी पण ठेवणार का डबा?” मी हळूच विचारलं.

“कट्टा सगळ्यांसाठी असतो,” आत्या म्हणाली आणि पुन्हा वाफ्यात वाकली.

ऊन कलत होतं. कारखान्याची घरघर त्या कॉलनीत रात्रंदिवस चालू असे, त्यामुळे ती ऐकू येत नसे. पण मधूनच लक्ष गेलं की सगळी जमीनच झोपेत श्वास घेतेय असं वाटायचं. आत्या मुळ्या उपसून देत होती, मी पानं खुडून काड्या लावत होते. माझी बोटं थंड आणि हिरवी झाली होती. नळाच्या अगदी बुडाशी, जिथं सतत पाणी झिरपायचं तिथला जुना गड्डा आत्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या मांडीजवळ ठेवला. “हा सगळा उसकट,” ती म्हणाली. “कितीतरी वर्षांत इथं हात घातला नाही मी. वरवरचाच खुडायचे.”

त्या गड्ड्यात पुदिन्याच्या काड्यांमधून दुसरंच काहीतरी धावत होतं. दोऱ्यासारखी बारीक, तांबूस वेल. तिला करंगळीच्या नखाएवढी गोल, दातेरी कडांची फिकट पानं. सावलीत वाढल्यामुळे ती इतकी किरटी होती की आधी दिसलीच नाहीत.

“हे काय गं?”

“तण असेल. टाक.”

मी टाकणार होते. पण ती गोल पानं कुठंतरी पाहिलेली वाटली, म्हणून एक तोडून तोंडात टाकलं. कडू. आणि त्या कडूपणाबरोबर एक अख्खी सकाळ समोर आली. मी सुट्टीला आलेली, रत्नाची परीक्षा आठवड्यावर, ती ओल्या वेण्या पाठीवर टाकून तारेजवळच्या वाफ्यापाशी बसलेली. रोज सकाळी तीन पानं खायची आणि मग पुस्तक उघडायची. मला एक पान देऊन म्हणाली होती, “खा. गणित सुटतंय.” माझं गणित काही सुटलं नाही, पण ते पान मी थुंकलं नव्हतं, कारण ती बघत होती.

“आत्या,” मी म्हणाले, “ही ब्राह्मी आहे. रत्नाची.”

आत्यानं माझ्या हातातून गड्डा घेतला. एक पान चुरगाळून नाकाशी नेलं, मग जिभेवर ठेवलं. मग ती तशीच, ओल्या वाफ्यात, चांगल्या लुगड्यासकट खाली बसली.

“हळू बोल,” ती म्हणाली. पलीकडे हौसाक्का सांडगे घालतच होत्या. आत्यानं त्या मुळ्यांवरची माती झटकली. मग खालच्या आवाजात, जणू मला नाही तर गड्ड्यालाच सांगावं तसं बोलायला लागली.

“रत्ना दवाखान्यात होती तेव्हा हौसाक्का मिरजेलाच राहायची. घराला कुलूप. जाताना मला म्हणाली, मनू, रत्नीच्या ब्राह्मीला तेवढं पाणी घाल, नाहीतर आल्यावर मला खाईल. मी घातलं. सकाळ-संध्याकाळ घातलं. शैले, त्या पोरीसाठी मला दुसरं काही करताच येत नव्हतं गं. दवाखान्यात भेटू देत नव्हते. मग मी पाणीच घालत राहिले. ती जेवढी जास्त आजारी, तेवढं मी जास्त पाणी घालायचे. वेड्यासारखी.”

“मग?”

“मग काय. माझा पुदिना तारेखालून गेला त्या पाण्याच्या ओढीनं. दिसत नव्हतं असं नाही. लांबून हिरवंगार दिसायचं. मला वाटायचं, हिरवं आहे म्हणजे बरं आहे.”

काजळीचा एक तुकडा तिच्या हातावर येऊन बसला, तो तिनं पुसला नाही.

“हौसाक्का परत आली ती एकटीच. दिवसकार्य झाल्यावर परसात आली आणि बघते तर पोरीच्या वाफ्यात सगळा पुदिना. ब्राह्मीचं नखभर पान दिसेना. तिथून ती जी ओरडली... ‘माजी पोर गेली, आन् तिच्या हातचं एवडं हुतं ते बी तुज्या पाल्यानं गिळलं!’ दोन्ही हातांनी उपटत सुटली. उपटायची आणि तारेवरून माझ्याकडे भिरकवायची. माझ्या तोंडावर, डोक्यावर. मी हलले नाही. नंतर तो ढीग उन्हात पडला. चांगला जिवंत पाला, वाळताना बघवेना. म्हणून उचलून इथं नळाशी कोंबला. न बघता.”

म्हणजे हौसाक्कांनी पुदिना समजून जे उपटून फेकलं, त्यात त्यांच्या लेकीची ब्राह्मीही होती. आणि आत्यानं ती न बघता लावली होती. ती इतकी वर्षं इथं, शत्रूच्या पोटात म्हणावं तशी, जगत राहिली होती.

“त्या दिवसापासून एक शब्द नाही,” आत्या म्हणाली. “हळदीकुंकवाला बोलावलं, आली नाही. तिळगूळ पाठवला, चौगुले भावजींनी घेतला, तिनं नाही. आणि परसात तिनं पुन्हा एक काडी लावली नाही. रोज झाडते. काही उगवू नये म्हणून झाडते की काय कोण जाणे.”

“मग आता जाऊन देऊन ये ना. आत्ता! त्यांना किती आनंद होईल.”

“काय म्हणू? घे, तुझ्या पोरीचं झाड, इतकी वर्षं माझ्याकडे होतं, आता निघाले म्हणून देते?” आत्यानं मान हलवली. “हातात दिली तर ती पुन्हा फेकून देईल. एकदा फेकून वाचली, दुसऱ्यांदा नाही वाचायची. आणि दिलेलं रोप लागतं का कुठं? ही लागलीच पाहिजे, शैले. तिच्या दारात लागली पाहिजे. ट्रक यायच्या आत ती तिच्याकडे गेली पाहिजे, मग मी सुखानं जाईन.”

“म्हणजे त्यांनी येऊन चोरायला हवी.”

“तिनं येऊन चोरायला हवी,” आत्या म्हणाली, आणि दोघींनाही एकदम कळलं की हे किती अवघड आहे. ज्या बाईनं इतक्या वर्षांत या परसाकडे मान वळवली नव्हती, तिनं तारेखालून यायचं, आणि तेही चोरी करायला.

त्या घरात मातीची म्हणावी अशी कुंडी एकच होती, तुळशीची. सांगलीला न्यायची म्हणून आतोबांनी ती रंगवूनही ठेवली होती. आत्यानं तुळस हलक्या हातानं मातीसकट उचलून तेलाच्या डब्यात बसवली, तिला हात जोडून “थोडे दिवस सांभाळून घे बाई,” म्हणाली, आणि कुंडी धुऊन ब्राह्मीला दिली. संध्याकाळी आतोबा कामावरून आले, तुळशीकडे बघितलं, कुंडीकडे बघितलं.

“हे काय, देवाची बदली केली होय?”

“केली,” आत्या म्हणाली. “तुमच्याआधी तिलाच हुकूम आला.”

आतोबांनी पुढं काही विचारलं नाही. पॅनमन माणूस, उकळी केव्हा फुटू द्यावी आणि केव्हा नाही, हे त्यांना चांगलं समजायचं.

ब्राह्मीच्या वेलाची प्रत्येक गाठ आत्यानं सुटी केली. पुदिन्याचं एक मूळही आत राहू नये म्हणून ती प्रत्येक धागा उजेडाकडे धरून बघत होती. मग गाठी मातीवर आडव्या ठेवून वर चिमूट चिमूट खत भुरभुरलं. पाणी घालताना मात्र तिचा हात आखडला. तांब्या तिरका केला, चार थेंब सोडले आणि थांबली. पुन्हा चार थेंब.

“एवढंच?”

“पुरे,” ती म्हणाली. “जास्त नको.”

निघायच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे डबे मागच्या कट्ट्यावर मांडले. पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं, सब्जा. ब्राह्मीची कुंडी आत्यानं कट्ट्याच्या पार टोकाला, तारेला लागून ठेवली. हात लांबवला तरी पुरावी अशी. मग तिनं ती दोनदा फिरवली, जास्त पानांची बाजू चौगुल्यांच्या घराकडे येईल अशी. मग दार लावून घेतलं आणि आम्ही आत बसलो.

घर रिकामं झालं होतं. बोचकी, ट्रंका, दोरीनं बांधलेल्या गाद्या. आतोबा एका गुंडाळीला टेकून घोरत होते. बंद दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ फरशीवर आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. बाहेर चोर यायला लागले.

“ही पाटलीण,” आत्या कुजबुजली. “चप्पल घासत चालते.” डबा सरकल्याचा आवाज आला. “गवती चहा नेला बघ. तिच्या सासऱ्यांना लागतो.” थोड्या वेळानं दोन जोडी पावलं, दबलेलं हसू. “ह्या नव्या लग्नाच्या, मागच्या लायनीतल्या. ह्या काहीही नेतील.” मग कुणीतरी शिंकलं, आणि शिंकल्यावर “अगं बाई!” म्हणून पळालं. मला हसू आवरेना. आत्याही हसत होती, पण तिचे कान दाराबाहेर होते. एकेक चोर येऊन गेला की ती एक बोट मिटायची, जणू एक अडथळा कमी झाला.

मग बराच वेळ कुणीच आलं नाही. उन्हाची रेघ फरशीवरून सरकत ट्रंकेवर चढली. मला डुलकी लागली असावी. त्या गुंगीत मला वाटलं, मी लहान आहे, रत्ना तारेपलीकडून हाक मारतेय आणि मला उठता येत नाहीये. जाग आली ती तारेच्या आवाजानं. तार कुणीतरी खाली दाबल्यावर दांडक्यातून जसा कुरकुर आवाज येतो, तसा.

आत्यानं माझं मनगट पकडलं.

पावलं वाजली नाहीत. अनवाणी माणूस असावं. कट्ट्याशी येऊन थांबलं. बाकीच्या चोरांसारखी घाई नव्हती. उचललं आणि गेलं असं नाही. नुसतं थांबलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मधेच एकदा बांगड्या वाजल्या, अगदी हलकेच, माणूस खाली बसताना वाजतात तशा. मग पुन्हा काही नाही. आतोबांचं घोरणं थांबलं होतं. तेही जागे होऊन डोळे मिटून ऐकत होते असं मला आजही वाटतं. मग डबा उचलल्याचा आवाज, आणि पुन्हा तारेची कुरकुर.

“नेली,” आत्या म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. “नेली गं.”

रिवाजाप्रमाणे आणखी थोडा वेळ थांबायला हवं होतं. पण ती उठली आणि तिनं दार उघडलं.

कट्ट्यावर उन्हाचा पिवळा पट्टा पडला होता. बहुतेक डबे गेले होते. आणि त्या पार टोकाला, तारेला लागून, ब्राह्मीची कुंडी होती तिथंच होती. तिच्या शेजारचा पुदिन्याचा डबा नव्हता.

आत्या कुंडीपर्यंत गेली आणि उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही तिच्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं तिनं तोंडावर पाला झेलला होता, तिळगूळ नाकारलेला पाहिला होता, तेव्हाही ती अशी उभी राहिली असेल का, असा विचार माझ्या मनात आला आणि मला हौसाक्कांचा भयंकर राग आला. घ्यायची नव्हती तर न घ्यायची. पण येऊन, बघून, शेजारचा डबा उचलून न्यायचा?

मी रागारागानं कुंडी आत न्यायला वाकले, आणि थबकले. सकाळी ब्राह्मीचा एक वेल काठावरून बाहेर लोंबत होता. तो आता बाहेर नव्हता. कुणीतरी तो आत वळवून त्याची गाठ मातीत खोचली होती, आणि वर बोटानं दाबलं होतं. बोटाचा ठसा अजून ओला होता.

“तितं उबी ऱ्हाऊन काय रडालीस गं मने?”

आवाज तारेपलीकडून आला. हौसाक्का आपल्या झाडलेल्या परसाच्या मधोमध बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. समोर पुदिन्याचा डबा होता. त्या खुरप्यानं जमीन उकरत होत्या. कोरड्या, घट्ट झालेल्या जमिनीत खुरपं टणटण वाजत होतं.

आत्यानं पदरानं डोळे पुसले. “तू ती नेली नाहीस, हौसाक्का.”

“न्हाई न्हेली.”

“रत्नाची आहे ती.”

“मला काय डोळं न्हाईत?” खुरपं थांबलं. पाठ तशीच राहिली. “माज्याच लेकीची हाय. म्या उपटून फेकली. पुदिना म्हून उपटला, आन् तिला बी उपटली. तू लावलीस. जगवलीस. आता ती तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. माज्या हातानं एकदा उपाटलेलं माज्याकडं न्हाई जगायचं.”

“मी न बघता लावली गं. मला माहीतही नव्हतं.”

“मग काय झालं? म्या बी न बघताच फेकली हुती.”

मग हौसाक्कांनी पुदिना डब्यातून काढला, खड्ड्यात बसवला, दोन्ही हातांनी माती लोटली. मोकळ्या जमिनीत. हा पसरेल, गाव मागेल, हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? शेजारी तांब्या होता, तो त्यांनी सबंध ओतला.

“आन् तिला पानी कमी घालू नगंस,” त्या म्हणाल्या. “मी बघतीया न्हवं. तवाधरनं तू हात आखडून पानी घालतीस. नळाजवळ बसून सुदीक थेंब थेंब मोजतीस. भ्यालीस, व्हय? तुज्या पान्यानं काय बी झालं न्हाई, मने. पोरगी काविळीनं गेली.” त्यांनी खुरप्यानं मातीचं एक ढेकूळ फोडलं. “ब्राह्मीला पानी लागतं. भरपूर घाल.”

आत्यानं मान हलवली. हौसाक्कांना ती दिसणं शक्य नव्हतं, तरी हलवली. मग तिच्या लक्षात आलं असावं. “घालीन,” ती मोठ्यानं म्हणाली. “भरपूर घालीन.”

आता मी आत्याच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि माणसं कशानं दुरावतात हे बरंच पाहिलं आहे. पण एवढं बोलून झाल्यावर दोन माणसं पुढं काय करतात, ते मी त्या दिवशी एकदाच पाहिलं. हौसाक्का उठल्या. कंबरेवर हात ठेवून वळल्या. तोंडभर सुरकुत्या होत्या, आणि नाकावर मातीचा फराटा. इतक्या वर्षांनी दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

“चा झाला का?” हौसाक्कांनी विचारलं.

“कुठला चहा? भांडी सगळी बांधली.”

“मग ये की हिकडं. ठेवती.”

आत्यानं समोरच्या दाराकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं, मातीचा हात दांडक्यावर ठेवला, आणि पन्नाशी ओलांडलेली माझी आत्या तारेवरून पलीकडे गेली. हौसाक्कांनी तिला दंडाला धरलं ते सोडलंच नाही. धरूनच आत नेलं.

तेवढ्यात पुढच्या अंगणात ट्रकचा भोंगा वाजला. आतोबा दारात आले, डोळे चोळत. “शैला, ट्रक आला. आत्या कुठाय?”

“पलीकडे,” मी म्हणाले. “चहाला गेलीय.”

आतोबा पलीकडच्या रिकाम्या परसाकडे, ओल्या जमिनीतल्या त्या एकुलत्या एक पुदिन्याकडे बघत राहिले. चौगुल्यांच्या स्वयंपाकघरातून दोघींचे आवाज यायला लागले होते. दोघी एकदमच बोलत होत्या, त्यामुळे एकीचंही कळत नव्हतं.

“ट्रकवाल्याला काय सांगू?” त्यांनी विचारलं. “किती वेळ लागेल?”

“थांब म्हणावं,” मी म्हणाले. “सांगता येत नाही.”